सहावीत मुलं नक्की काय शिकतात? खानापूरच्या एका आईला सविस्तर उत्तर

खानापूर तालुक्यातल्या (जि. बेळगाव, कर्नाटक) एका ताईंनी विचारलं आहे: मुलगी यंदा सहावीला गेली. गावची शाळा पाचवीपर्यंतच, म्हणून आता शेजारच्या गावच्या सरकारी मराठी शाळेत बसनं जाते. मालक गोव्याला कामाला, घरी आई, आज्जा आणि चौथीतला धाकटा. पुस्तकं एकदम वाढली आहेत. त्यांत नक्की काय असतं, दहावीपर्यंत शिकलेल्या आईनं घरी काय बघावं, आणि जाऊबाई म्हणतात तसं आताच इंग्रजी माध्यमात घालावं का?

ताई, मी बरीच वर्षं याच भागातल्या मराठी शाळांत सहावी-सातवीला गणित आणि विज्ञान शिकवते. शिक्षक कमी असले की समाज विज्ञानाचे तासही माझ्याकडे येतात. तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. मुलगी मराठी पुस्तकाचं एक पान वाचून त्यात काय आहे ते स्वतःच्या शब्दांत सांगू शकत असेल, तर तिला आहे तिथंच राहू द्या. सांगू शकत नसेल, तर माध्यम बदलून ते येणार नाही. आधी ते आणावं लागेल. राज्य अभ्यासक्रमाच्या इंग्रजी शाळेत गेली तरी गणित-विज्ञानाचे धडे हेच असतात, फक्त भाषा वेगळी. सहावीचं वर्ष मुळातच अवघड, त्यात समजण्याची भाषाही काढून घेतली तर मूल पाठांतरावर जातं, आणि पाठांतराची ती सवय आठवी-नववीपर्यंत सुटत नाही हे मी पुन्हा पुन्हा बघितलं आहे.

अवघड का, तेही सांगते. तिसरीपर्यंत मुलं नली-कलीच्या पद्धतीनं, कार्डं आणि खेळ यांतून शिकतात. पाचवीपर्यंत परिसर अध्ययन हा एकच विषय असतो. सहावीत त्याचे विज्ञान आणि समाज विज्ञान असे दोन विषय होतात आणि गणितात पहिल्यांदाच संख्येच्या जागी अक्षर येतं. शिवाय एलपीएस (कनिष्ठ प्राथमिक शाळा) संपून एचपीएस (वरिष्ठ प्राथमिक शाळा) सुरू होते: शाळा नवी, बाई-सर नवे, विषयागणिक शिक्षक वेगळे. जून महिन्यात 'सेतुबंध' चालतो. मागच्या इयत्तेतलं काय राहिलं हे पूर्व परीक्षा घेऊन बघतात आणि ते भरून काढतात. त्या परीक्षेचा कागद वर्गशिक्षकांकडून जरूर मागून घ्या. मुलीचं कुठं अडतं हे त्या कागदावर जितकं स्पष्ट दिसतं तितकं वर्षभराच्या मार्कांत दिसत नाही.

आता गणित. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण मुलं इथंच मागं पडतात. सहावीत मोठ्या संख्या, मसावि-लसावि, ऋण संख्या, अपूर्णांक, दशांश, गुणोत्तर-प्रमाण, परिमिती-क्षेत्रफळ, भूमितीच्या मूळ आकृत्या, माहितीचे आलेख आणि बीजगणिताची सुरुवात असं सगळं येतं. त्यांतलं अपूर्णांक आणि दशांश पक्कं झालं तर बाकीचं मूल ओढत नेतं. ते कच्चं राहिलं तर सातवीत टक्केवारी, व्याज सगळंच ढासळतं.

अपूर्णांक कळलाय की नाही हे तपासायला एकच प्रश्न पुरे. अर्धा अधिक एक तृतीयांश किती? ज्यांना कळलेलं नसतं ती मुलं वरचे अंक वर आणि खालचे खाली मिळवून दोन पंचमांश लिहितात. अशा वेळी लगेच नियम सांगू नका. "दोन पंचमांश अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?" असं विचारा. कमी आहे. मग अर्ध्यात आणखी काही मिळवल्यावर अर्ध्यापेक्षा कमी कसं झालं? एवढं विचारून गप्प बसा. मूल स्वतःच वही पुढं ओढतं. छेद सारखे करायचे असतात हे त्यानंतर सांगितलं तर मनात राहतं, आणि लसावि कशासाठी शिकलो तेही त्याच वेळी उमगतं.

दशांशासाठी तुमच्या घरातच एक उत्तम साधन आहे: जमिनीचा उतारा. त्यावर क्षेत्र १.२० असं लिहिलेलं असतं. नुकतंच दशांश शिकलेलं मूल त्याला 'एक पूर्णांक दोन दशांश' एकर समजतं. खरं म्हणजे ते एक एकर वीस गुंठे, आणि एकराचे गुंठे चाळीस, म्हणून जमीन दीड एकर. मी वर्गात फळ्यावर दोन शेतं लिहिते, १.३० आणि ०.२५, आणि मिळून किती ते विचारते. निम्मा वर्ग १.५५ लिहितो. ज्यांच्या घरी शेताची बोलणी कानावर पडतात त्यांतला एखादा उठून म्हणतो, "दोन एकर पंधरा गुंठं की हो बाई!" तो बरोबर असतो: तीस आणि पंचवीस मिळून पंचावन्न गुंठे, त्यांतल्या चाळिसांचा एक एकर झाला, पंधरा उरले. मग विचारायचं की १.५५ लिहिणाऱ्यांनी मधल्या टिंबाचा अर्थ काय धरला? त्यांनी शंभर भागांचा एक धरला, उताऱ्यावर चाळिसांचा एक आहे. तासाला साठ मिनिटं, म्हणून घड्याळाचं १.३० म्हणजे दीड तास, पैशातलं १.५० म्हणजे दीड रुपया. आणि उताऱ्यावरचं १.२० म्हणजे दीड एकर. ही तिन्ही शेजारी शेजारी लिहून दाखवली की दशांश चिन्हाच्या उजवीकडचा अंक कशाचा भाग आहे हे मूल विचारायला लागतं. दशांशाच्या धड्यातून नेमकं हेच शिकायचं असतं. संध्याकाळी आज्जांना उतारा घेऊन तिच्याजवळ बसायला सांगा. त्यांचा हिशोब तोंडी असतो, तिचा वहीत. दोघांनी एकमेकांना आपलं उत्तर कसं आलं ते समजावून सांगावं.

क्षेत्रफळही तिथूनच पुढं नेता येतं. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, १,०८९ चौरस फूट. बेळगावात घरासाठी घेतात तो ३० बाय ४० चा प्लॉट १,२०० चौरस फूट, म्हणजे गुंठ्यापेक्षा १११ चौरस फूट मोठा. आता २० बाय ६० चा प्लॉटही १,२०० चौरस फुटांचाच, पण त्याला कुंपण १६० फूट लागतं आणि ३० बाय ४० ला १४०. क्षेत्रफळ तेच असून परिमिती वेगळी कशी, यावर मुलीला अंगणात दोरी घेऊन अर्धा तास घालवू द्या. गुणोत्तर शिकवायला गवंडी आहे: एक पाटी सिमेंटला सहा पाट्या वाळू, तर अडीच पाट्या सिमेंटला किती? बीजगणितात सहावीला फार काही नसतं. 'न कळलेल्या संख्येला एक नाव देऊन ठेवायचं' एवढं पटलं तरी पुरे.

विज्ञानाचं पुस्तक, गणितासारखंच, एनसीईआरटीच्या धड्यांवरून मराठीत आलेलं आहे. अन्नघटक, धाग्यापासून कापड, पदार्थांचं वर्गीकरण आणि वेगळं करणं, बदल, वनस्पती, शरीराच्या हालचाली, मोजमाप, प्रकाश आणि सावली, विद्युत मंडल, चुंबक, पाणी, हवा, कचरा असे विषय त्यात असतात. तुमच्या मुलीनं यांतलं निम्मं आधीच बघितलेलं आहे. मळणीनंतर वारं देताना कोंडा लांब उडतो आणि भात पायाशी पडतं, हे खानापूरच्या पोरांना सांगावं लागत नाही. तसं का होतं हे मात्र त्यांना सांगता येत नाही, आणि सहावीचं विज्ञान त्या 'का' पासून सुरू होतं. पोचट दाणे कोंड्याबरोबर का जातात? वारा पडला तर सुपानं पाखडून तेच काम कसं होतं? खडे भाताएवढेच जड असतील तर वारं देऊन निघतील का, की चाळणच लागेल? या तीन प्रश्नांची उत्तरं जिला देता येतात तिला 'पदार्थ वेगळे करण्याच्या पद्धती' हा धडा पाठ करावा लागत नाही. पावसाळ्यात नदीचं गढूळ पाणी बाटलीत भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी बघा. दुसऱ्या बाटलीत तुरटी फिरवा. कोणत्या बाटलीतला गाळ आधी बसला हे तिनं वेळ घालून वहीत लिहावं. निपाणी-चिकोडीकडं कोणी पाहुणे असतील तर हंगामात गुऱ्हाळ दाखवा. रस उकळताना मळी वर येते ती काढतात, पाणी वाफ होऊन जातं, गूळ उरतो. गूळ पुन्हा पाण्यात विरघळवला तर उसाचा रस परत मिळतो का? हा प्रश्न मी दरवर्षी विचारते आणि वर्गात दोन तट पडतात. कापडाच्या धड्याला बेळगावात शहापूर-वडगावचे माग आहेत. उभा आणि आडवा धागा एकदा चालू मागावर बघितला की चित्राची गरज उरत नाही.

एक मात्र सांगून ठेवते. बॅटरीचा सेल, तार आणि छोटा बल्ब एवढंच मुलीच्या हातात द्या. भिंतीतल्या प्लगजवळ प्रयोग नको.

समाज विज्ञानाची पालकांना उगीच भीती वाटते: सनावळ्या पाठ कराव्या लागतील म्हणून. सहावीत कर्नाटकाचे चार प्रशासकीय विभाग, प्राचीन संस्कृती, वेदकाळ, नवे धर्म, दक्षिणेतली राजघराणी, नागरिकत्व, संविधान, नकाशावाचन आणि आशिया-युरोप-आफ्रिका हे खंड असतात. पुस्तकात अधूनमधून फेरबदल होतात, त्यामुळं तिच्या हातातल्या प्रतीत क्रम थोडा वेगळा असेल. बेळगाव विभागात बेळगाव, बागलकोट, विजयपूर, गदग, धारवाड, हावेरी आणि उत्तर कन्नड असे सात जिल्हे येतात. एवढं पाठ होतंच. पण घराण्यांच्या धड्याला तुमच्या तालुक्याइतकी चांगली प्रयोगशाळा दुसरी नाही.

हलशी तुमच्या तालुक्यात आहे. बनवासीच्या कदंबांची ती दुसरी राजधानी, तेव्हाची पलाशिका. तिथं सापडलेल्या ताम्रपटांवरूनही आपल्याला पाचव्या शतकातले हे राजे कळतात. 'इतिहासाची साधनं' या धड्यात ताम्रपट, शिलालेख, नाणी ही नावं मुलं घोकतात, आणि ती साधनं जिथं मिळाली ते गाव बसनं जाण्यासारखं असतं. भूवराह-नरसिंहाच्या देवळात मुलांना नेलं तेव्हा एका मुलीनं विचारलं, "राजधानी होती तर राजवाडा कुठं गेला, बाई?" देऊळ दगडाचं होतं म्हणून टिकलं, लाकडामातीची घरं मागं खूण न ठेवता जातात, आणि आपल्याला जुन्या काळाबद्दल जे माहीत आहे ते टिकलेल्या वस्तूंपुरतंच माहीत आहे, हे सगळं त्या एका प्रश्नातून पुढं आलं. परत येताना बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती बघितली तर १२०४ साली रट्ट राजघराण्याच्या राज्यात बांधलेलं जैन मंदिर आणि हलशीचं देऊळ यांची तुलनाही होते.

चालुक्य, राष्ट्रकूट ही घराणी पुस्तकात कर्नाटकाची म्हणून येतात. तुमचे कोल्हापूरचे भाचे त्यांच्या पुस्तकात तीच महाराष्ट्राच्या अंगानं वाचतात. मुलीला नकाशा घेऊन बसवा: बदामी बागलकोट जिल्ह्यात, वेरूळचं कैलास लेणं छत्रपती संभाजीनगरजवळ, सातवाहनांचं पैठण गोदावरीकाठी. राष्ट्रकूटांनी कैलास लेणं खोदलं तेव्हा आजची सीमा नव्हती. मराठी घरातलं मूल या इतिहासात परकं नाही, हे तिला तुम्ही सांगा. आमच्याकडं काही घरांत 'हा आपला इतिहास नव्हे' असं पोरांसमोर बोलतात आणि मग पोर त्या धड्याकडं पाठ फिरवतं. नुकसान तिचंच होतं.

भूगोलासाठी कणकुंबी पुरे. मलप्रभा तिथं उगम पावून पूर्वेला जाते, कुडलसंगमला कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी बंगालच्या उपसागरात पोचतं. त्याच तालुक्यातून निघणारी म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरून अरबी समुद्राला मिळते. एका तालुक्यातलं पाणी दोन समुद्रांना का जातं, हे ज्या मुलाला भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून सांगता येतं त्याला जलविभाजक कळला. नागरिकशास्त्रात संविधान, मूलभूत हक्क आणि कर्तव्यं असतात. सहा ते चौदा वयापर्यंत मोफत आणि सक्तीचं शिक्षण हा २१अ कलमातला तिचा हक्क आहे. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असं ३५०अ कलम सांगतं. ती ज्या शाळेत बसते तिचा या कलमाशी थेट संबंध आहे, हे तिला माहीत असायला हवं. ग्रामपंचायतीत मुलांची ग्रामसभा भरते तेव्हा तिला पाठवा. शाळेच्या नळाला पाणी येत नाही हे पीडीओंसमोर (पंचायत विकास अधिकाऱ्यांसमोर) उभं राहून बोललेली मुलगी हक्कांचा धडा विसरत नाही.

भाषा तीन: मराठी, कन्नड, इंग्रजी. मराठी आपलीच म्हणून तिच्याकडं सगळ्यांत कमी लक्ष दिलं जातं, आणि हे मला फार लागतं. दहावीला पहिल्या भाषेचे १२५ गुण असतात ही एक गोष्ट. त्याहून मोठी ही की विज्ञानाचं आणि समाज विज्ञानाचं प्रत्येक पान तिला मराठीतूनच वाचायचं आहे. सहावीत कविता, गद्य, व्याकरण, पत्र, निबंध असतं. घरी तुम्ही एकच करा: रोज कोणत्याही विषयाचं अर्धं पान मोठ्यानं वाचून घ्या, पुस्तक मिटा आणि "आता मला सांग" म्हणा. ती घरच्या बोलीत सांगेल. सांगू दे, अडवू नका. पुस्तकी मराठी लिहिताना येते. आधी आशय पोचला पाहिजे.

कन्नडचा कंटाळा घरात बोलून दाखवू नका. उतारा कन्नडमध्ये, रेशन कार्ड कन्नडमध्ये, बसची पाटी कन्नडमध्ये, तहसीलदार कचेरीतला अर्ज कन्नडमध्ये. उद्या ही कामं तीच करणार आहे. सहावीत मुलांना अक्षरं येतात, अडतं ते जोडाक्षरांशी. मराठीत अर्धं अक्षर शेजारी चिकटतं, कन्नडमध्ये दुसरं अक्षर खाली ओत्तक्षर म्हणून जातं, आणि वाचताना पोरं ते सोडून देतात. शिवाय ए आणि ओ यांचे ऱ्हस्व-दीर्घ असे दोन प्रकार मराठीत नाहीत, तिथं कान तयार करावा लागतो. बसमध्ये जाता-येता पाट्या आणि दुकानांचे फलक वाचायला सांगा. तीन महिन्यांत फरक दिसेल. इंग्रजीत शब्द पाठ करून घेण्यापेक्षा रोज दोन खरी वाक्यं बोलायला लावा: आज काय खाल्लं, बस किती वाजता आली.

शारीरिक शिक्षण, चित्रकला, कार्यानुभव याबद्दल एवढंच सांगते की तो तास गणिताला देऊन टाकू नये, आणि 'प्रतिभा कारंजी' या शाळांच्या कलागुण स्पर्धेत नाव द्यायला मुलगी लाजत असेल तर तिला थोडं ढकला. चार लोकांपुढं कविता म्हणायची सवय पुढं कामी येते.

वर्षात चार एफए (अधूनमधून होणारं आकारिक मूल्यमापन) आणि दोन एसए (सत्राअखेरचं संकलित मूल्यमापन) असतात. एफएमध्ये लेखी चाचणीबरोबर वर्गातलं काम, प्रकल्प, तोंडी हेही धरतात, म्हणून घरी शेतात, नदीवर केलेले प्रयोग वहीत लिहून शाळेत दाखवू द्या. पालक सभेला गेल्यावर "किती मार्क पडले?" याऐवजी "तिची चूक कोणत्या प्रकारची होते?" असं विचारा. शिक्षकाला या प्रश्नाचं उत्तर देता येतं, आणि त्या उत्तरावर घरी काम करता येतं. कोल्हापूरच्या भाच्यांची जुनी सहावीची पुस्तकं मिळाली तर मराठी वाचनाला घ्या. समाज विज्ञानाच्या परीक्षेला ती चालणार नाहीत.

आता धाकट्याबद्दल, कारण तुम्ही तो चौथीत आहे असं लिहिलंत. कोथळीच्या नवोदय विद्यालयाला, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेला, प्रवेश सहावीलाच असतो आणि त्याची परीक्षा पाचवीत असताना द्यावी लागते. प्रश्न ८०, वेळ दोन तास: ४० बुद्धिमत्तेचे, २० अंकगणिताचे, २० भाषेचे. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी आणि एक तृतीयांश मुलींसाठी राखीव असतात. बेळगावच्या राष्ट्रीय मिलिटरी स्कूललाही सहावीला प्रवेश आहे, आणि कित्तूरच्या मुलींच्या सैनिक शाळेलाही. तुमच्या मुलीची ही वेळ गेली, तरी नवोदयला नववीतल्या रिकाम्या जागांसाठी आठवीत असताना परीक्षा देता येते. त्यासाठी वेगळा क्लास लावायची गरज नाही. सहावी ते आठवीचं गणित, विज्ञान आणि इंग्रजी नीट झालं तर तयारीचा मोठा भाग त्यातच होतो. धाकट्याचा नवोदयचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो आणि सोबत शाळेच्या मुख्याध्यापकांच्या सहीचं प्रमाणपत्र लागतं. पाचवीची शाळा सुरू झाली की त्याची चौकशी करून ठेवा.